रुमालाआडचं बोलणं

४ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना हिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा खाली ओघळला. ही म्हणाली, "कप फुटलाय की काय?" कप धड होता. मी दुसरा दिला. तरी तेच. मग ही आरशासमोर गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

इस्पितळात तीन तास गेले. डॉक्टरीणबाईंनी हिला भुवया उंचवायला लावल्या, डोळे घट्ट मिटायला लावले, दात दाखवायला लावले. उजवी बाजू सांगितलेलं सगळं करते, डावी ढिम्म. चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे, मेंदूचं काही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत बरं होतं, काहींचं थोडं राहून जातं. गोळ्या, डोळ्यात घालायचे थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी, आणि आरशासमोर व्यायाम.

हिनं एकच प्रश्न विचारला. "मी पहिलीला शिकवते. मुलं माझ्या तोंडाकडे बघून अक्षरं म्हणायला शिकतात. मी त्यांच्यासमोर कधी उभी राहू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई नको.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रोजची नोंद ठेवायला सांगितली. ते काम मी घेतलं. मी तेवीस वर्षं परदेशी मालिका आपल्या भाषेत डब करणाऱ्या स्टुडिओत एडिटर आहे. पडद्यावरचे ओठ कुठे उघडतात, कुठे मिटतात, कोणता शब्द कोणत्या ओठांवर बसतो, हे बघण्यात माझा जन्म गेला. चेहऱ्याची नोंद ठेवायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही. वही स्टुडिओतलीच आहे, मागची पानं कोरी होती.

७ फेब्रुवारी

भुवई: शून्य. डोळा मिटणे: अर्धा. गाल फुगवणे: हवा निसटते. हसणे: फक्त उजवीकडे.

व्यायाम ही दार लावून करते आणि पाचपैकी आकडे चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवते. मी ते वहीत उतरवतो.

मी एक नियम केला आहे. हिच्या तोंडाकडे बघायचं नाही. काल बसस्टॉपवर दोन माणसं टक लावून बघत होती, जणू फुकटचा तमाशा. घरी तरी तिला मोकळं वाटायला हवं. तेव्हा ती बोलत असताना मी खिडकीकडे नाहीतर ताटाकडे बघतो. तिला ते आवडलं असावं, कारण कालपासून ती घरातही तोंडासमोर रुमाल धरते. म्हणजे दोघांच्या मनात एकच आहे. सत्तावीस वर्षांच्या संसारात एवढं न बोलता कळतं.

एक नवी गोष्ट. बोलणं अस्पष्ट झालं आहे. दहा वाक्यांपैकी चार कळतात. यासाठी वेगळा रकाना आखला.

११ फेब्रुवारी

भुवई: शून्य. डोळा: अर्ध्याहून जरा जास्त. बोलणं: दहापैकी तीन.

आज कामावर गेलो. नव्या मालिकेचे सोळा भाग आलेत. गावातल्या चौकात बसून म्हातारे भांडतात अशी ती गोष्ट आहे. म्हाताऱ्यांचे ओठ बसवणं अवघड, दात नसतात. पण मला मजा येते.

मिशीबरोबर पुन्हा खटका उडाला. मिशी म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक. वय पंचेचाळीस, आणि मिशा अशा की त्याचा वरचा ओठ शेवटचा त्याच्या आईनंच पाहिला असेल. माणूस कामाला चोख आहे, पण पुटपुटतो. सात वर्षांत त्याचं एक वाक्य मला पहिल्या फटक्यात कळलेलं नाही. बाकीचे त्याला हसून उत्तरं देतात. मला वाटतं तेही नुसतेच हसतात.

तशी अलीकडे सगळीच माणसं पुटपुटायला लागली आहेत. फोनवर तर लोक तोंडात लाडू ठेवून बोलतात. मी फोन घेणं जवळजवळ सोडलंय.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना बोलण्याचा रकाना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला. मग हिच्याशी पाच-सात मिनिटं बोलत बसल्या. ही रुमालाआडून बोलत होती आणि त्या भराभर उत्तरं देत होत्या. मी बाजूला बसून त्यांचं तेवढं ऐकलं. झोप लागते का, डोळा कोरडा पडतो का, वगैरे.

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांचं बोलणं चांगलं आहे. प, ब, म जरा फुसके होतात एवढंच. दोन ओठ लागतात ना त्यांना. बाकी स्वच्छ."

मी म्हटलं, दहापैकी तीन.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला नीट ऐकू येतं ना?"

मला हसू आलं. म्हटलं, बाई, आवाज हा माझा धंदा आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पेशंटसमोर धीर द्यायचा म्हणून डॉक्टर असं बोलतात, हे मी समजू शकतो.

१७ फेब्रुवारी

मुलीचा व्हिडिओवर फोन आला. ती दूर नोकरी करते, रविवारी बोलते. तिचं बोलणं नेहमीप्रमाणे खणखणीत. मुलगी आईवर गेली आहे, शब्द तोडून बोलते. आधी तिचं आणि हिचं अर्धा तास चाललं, ही रुमाल धरूनच बसली होती. मग मी बसलो. म्हटलं, आईचं बोलणं बिघडलंय.

ती म्हणाली, "काय सांगता बाबा? आई अगदी नेहमीसारखी बोलतेय. फक्त उदास आहे."

मुली आईची बाजू घेणारच.

२१ फेब्रुवारी

भुवई: एक (हलल्यासारखी वाटते, असं चिठ्ठीत). डोळा: मिटतो. बोलणं: दोन.

आजाराबरोबर हिच्या सवयीही बदलल्या. आधी काही सांगायचं असलं की ही स्वयंपाकघरातून बाहेर यायची, हात पुसायची, दिवा लावायची, माझ्या समोर उभी राहायची आणि मग बोलायची. दिवा नसला तर बोलायचीच नाही. मी चेष्टा करायचो की तुझं भाषणच असतं, मंचही लागतो. आता कुठूनही बोलते. पाठ करून, नळ चालू ठेवून, दुसऱ्या खोलीतून. दुखण्यानं माणसाला आळस येतो. मी समजून घेतो आणि "बरं" म्हणतो. "बरं" बहुतेक ठिकाणी चालतं, वाद होत नाही.

आज जेवताना तिनं तीनदा काहीतरी विचारलं. मी तीनदा बरं म्हटलं. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही. मग ती ताट घेऊन आत गेली आणि आतच जेवली. तोंडातून सांडतं, त्याचा संकोच असेल. मी आत गेलो नाही.

घर फार शांत झालं आहे. हे आकड्यांत लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो. आधी ही शाळेतून आली की कुठल्या मुलानं काय केलं, कोण उलटा आठ काढतो, कुणाचा दात पडला, सगळा पाढा वाचायची. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. आता मी साडेपाचला घड्याळाकडे बघतो आणि वाट बघत बसतो.

२६ फेब्रुवारी

आज नामुष्की झाली. नीट लिहून ठेवतो.

मालिकेचा चौथा भाग गिऱ्हाइकाकडून परत आला. चौकातल्या प्रसंगात एक म्हातारा उठून चार वाक्यं बोलतो. ओठ हलतात, पण आवाजच नाही. सगळे आवाज एकत्र मिसळताना कुणीतरी म्हाताऱ्याचा ट्रॅक बंद ठेवला आणि तो बंदच राहिला. चूक कुणाचीही होऊ शकते. पण नंतर शेवटची तपासणी असते, आणि ती मी करतो. त्या भागावर माझी सही होती.

स्टुडिओच्या मालकीणबाईंच्या खोलीत सगळे जमलो. मी म्हटलं, हे शक्य नाही, मी ती चारही वाक्यं ऐकली आहेत. आणि मी ऐकली आहेत! आवाज घोगरा होता, तिसऱ्या वाक्यावर तो जरा दमला होता, हेसुद्धा मला आठवतं. ती वाक्यं मीच त्या ओठांवर बसवली होती.

त्यांनी भाग लावला. मी म्हटलं, हे काय, येतोय की आवाज. मग मिशीनं पडदा बंद केला आणि तोच तुकडा नुसता वाजवला.

चौकातला गलबला, कोंबड्या, लांब कुठेतरी गाडी. म्हातारा नाही. त्यांनी तीनदा वाजवलं. मिशी माझ्याकडे बघत होता, पडदा बंद असल्यामुळे त्याला बघायला दुसरं काही नव्हतंच.

मालकीणबाई म्हणाल्या, "घरी आजारपण आहे. आठ-पंधरा दिवस विश्रांती घ्या. मग बघू." 'मग बघू' याचा अर्थ मला कळतो. तेवीस वर्षांत माझ्या सहीचा भाग परत आला नव्हता.

घरी काही सांगितलं नाही. सांगणार कुणाला, ती आतल्या खोलीत होती.

१ मार्च

भुवई: तीन. गाल: दोन. हसणे: एक. बोलणं: रकाना बंद केला.

मी दिवसभर घरी असतो, हे हिला विचित्र वाटत असणार. का, म्हणून तिनं विचारलं नाही. किंवा विचारलं असेल.

दुपारी ती भांडी घासत होती. नळ सुरू होता. पाठमोरी असतानाच काहीतरी बोलली, बरंच लांबलचक. मी म्हटलं, "बरं." तिनं नळ बंद केला आणि वळून माझ्याकडे बघितलं. रुमाल नव्हता, हात ओले होते. मी नियमाप्रमाणे लगेच मान खिडकीकडे वळवली. ती काही वेळ तशीच उभी राहिली. मग आत गेली आणि मला माळ्यावरून बॅग काढल्याची खडखड जाणवली.

२ मार्च

टेबलावर आज आकड्यांची चिठ्ठी नव्हती. ही होती:

'धाकटीकडे जाते. काल विचारलं, मी काही दिवस जाऊ का, मी इथे नसले तर तुम्हालाही बरं पडेल. तुम्ही बरं म्हणालात. थेंब घेतलेत. फ्रिजमध्ये दोन दिवसांचं आहे.'

धाकटी म्हणजे माझी मेहुणी. तीन तासांवर राहते.

अशा प्रश्नाला मी 'बरं' कशाला म्हणेन? चिठ्ठी चारदा वाचली. संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. मी उचलला, कारण उचलायलाच हवा होता. ती रागात होती, एवढं कळलं. पुढचं काही कळलं नाही. मी बरं, बरं म्हणत राहिलो, तसतसा तिचा आवाज चढत गेला. मग फोन बंद झाला.

नोंद करायला आज काही नाही.

५ मार्च

नोंद नाही. पण मिशी येऊन गेला, ते लिहितो.

खिडकीच्या काचेवर कुणीतरी थापा मारत होतं म्हणून बघितलं, तर हा. दहा मिनिटं बेल वाजवत होता म्हणे. त्याला आत घेतलं, बसवलं. तो बोलायला लागला, मी नेहमीप्रमाणे मान हलवायला लागलो. मग तो थांबला. त्यानं दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी आपल्या मिशा चिमटीत धरून वर उचलल्या, पडदा गुंडाळावा तशा. खाली चक्क ओठ निघाले. अगदी साधे, पातळ ओठ.

आणि म्हणाला, "साहेब, आता कळतंय का?"

कळत होतं. अक्षर न् अक्षर.

"सात वर्षं मला वाटायचं, तुमचा माझ्यावर राग आहे," मिशा तशाच धरून तो म्हणाला. "सगळ्यांचं ऐकता, माझं तेवढं नाही. बायकोला म्हटलंसुद्धा, नोकरी सोडतो. तुमच्या हेडफोनचा आवाज आमच्या दुप्पट असतो, तेही बघत होतो. म्हटलं, ज्याची त्याची सवय. त्या दिवशी पडदा बंद केला तेव्हा तुमचा चेहरा बघितला. तुम्हाला नुसता म्हाताराच नाही, काहीच धड ऐकू आलं नव्हतं. कोंबड्या तरी आल्या का?"

मी खरं सांगितलं. कोंबड्या आहेत हे मला माहीत होतं, कारण संहितेच्या कागदावर लिहिलेल्या होत्या.

"कान तपासून घ्या," तो म्हणाला. "मी कुणाला बोललो नाही. आणि आता सोडतो, हात दुखले."

त्याला चहा दिला. मिशा खाली आल्यावर तो पुन्हा पुटपुटायला लागला.

७ मार्च

कानांची तपासणी. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. मला वाटलं मी बरेचदा दाबलं. तपासणाऱ्यानं आलेख दाखवला. डावीकडून बरा चालतो आणि मग जिन्यावरून पडावं तसा खाली जातो.

मग तो समोर बसला आणि पंचवीस शब्द म्हणणार म्हणाला. आधी तोंडासमोर कागद धरून. माझे बरोबर आले आठ. मग कागद काढून तेवढेच, दुसरे पंचवीस. बरोबर बावीस.

मी म्हटलं, दुसऱ्या वेळी तुम्ही मोठ्यानं बोललात. तो म्हणाला, "नाही." आणि मीटर दाखवला. मीटर मला वाचता येतो. त्यात काही फरक नव्हता.

त्यानं शांतपणे समजावलं. समोरच्याचं तोंड दिसलं की बोलणं जास्त कळतं, हे सगळ्यांचंच असतं. गर्दीत, गोंगाटात आपण सगळेच ओठांची मदत घेतो, फक्त कुणाच्या ध्यानात येत नाही. डोळ्यांनी दिलेलं कानांनीच दिलं असं वाटतं. "तुमचे कान हळूहळू उतरत गेले आणि डोळ्यांनी ते काम उचललं. तुमच्या धंद्यानं तर डोळे तयारच होते. आठ-दहा वर्षं तरी चाललं असेल. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी नाही म्हणालो.

घरी येऊन बसलो तेव्हा एकेक आठवायला लागलं. दिवा लावून बोलणं. जेवताना तिची खुर्ची बाजूला नसून समोर, ती तिनं कधी हलवली आठवत नाही. पाहुणे बोलले की माझ्याकडे तोंड करून, "अहो, हे म्हणताहेत की," असं तेच परत सांगणं. मी वैतागायचो, म्हणायचो, ऐकलंय मी, बहिरा नाही. ती म्हणायची, हो, सवय माझी. फोन आला की ती घ्यायची आणि मग समोर येऊन सांगायची.

आठ वर्षं मी जे ऐकलं ते हिच्या चेहऱ्यावरून ऐकलं, आणि तो चेहरा आजारी पडल्यावर मी मान फिरवली. मला फार लाज वाटते आहे.

९ मार्च

मेहुणीनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. दुपारचं ऊन तिच्या तोंडावर होतं, त्यामुळे तिनं जे सुनावलं त्यातला एक शब्द वाया गेला नाही.

"पाच आठवडे, भाऊजी! पाच आठवडे तुम्ही तिच्या तोंडाकडे बघितलं नाहीत. जेवताना खिडकीकडे बघता म्हणे. काय ठेवलंय एवढं त्या खिडकीत?"

मी म्हटलं, "तिला संकोच वाटू नये म्हणून."

"आणि तिला काय वाटलं असेल?"

ती बाजूला झाली आणि तिनं आतल्या खोलीकडे हात केला.

ही खिडकीला पाठ करून बसली होती. उजेड मागून येत होता, चेहऱ्यावर अंधार, त्यावर रुमाल. मी आधी दिवा लावला. मग खुर्ची ओढून समोर बसलो आणि बघितलं. डावी भुवई खाली, डावा डोळा जरा जास्त उघडा आणि ओला. पुढचं रुमालाआड.

ती काहीतरी बोलली. माझ्या ओठांवर 'बरं' आलंच होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "कळलं नाही."

ती परत बोलली, रुमाल तसाच.

"नाही कळलं," मी म्हटलं. "तुझं बोलणं चांगलं आहे. बिघडलेत ते माझे कान. तोंड दिसल्याशिवाय मला बोलणं कळत नाही. कागद आणलाय." मी आलेख तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उलगडला नाही. रुमाल हनुवटीपर्यंत खाली आला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आठ वर्षं माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"एकदा सांगितलं होतं. तुम्ही चार दिवस अबोला धरलात. मग म्हटलं, आपणच समोर जाऊन बोलावं, आपलं काय जातं. आता समोर यायचीच लाज वाटायला लागली. तरी त्या दिवशी नळापाशी म्हटलं, यांना ऐकू आलं नसेल. खात्री करायला वळून बघितलं, तर तुम्ही मान फिरवलीत. मग वाटलं, आलं असेल."

मी विचारलं, "मघाशी काय म्हणालीस? दोनदा म्हणालीस ते?"

"जाऊ द्या. ते रुमालाआडूनच म्हणण्यासारखं होतं."

"मग ते मला कधीच कळणार नाही."

मी मान फिरवली नाही. मग तिनं रुमाल काढून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी विचारलं, तुम्हाला माझी किळस येते का?"

डावी बाजू जागची हलली नाही. सगळं काम उजवी बाजू करत होती. पण मला प्रत्येक शब्द कळला. इतका स्पष्ट की तो चुकवायला जागाच नव्हती. रुमालाआडून विचारणं तिला सोपं होतं, आणि मी तिला तोंड उघडं टाकून विचारायला लावलं.

"नाही," मी म्हटलं.

"हळू म्हणालात."

मी मोठ्यानं म्हटलं. बाहेरच्या खोलीत मेहुणी टीव्ही बघत होती, तिनं तो बंद केला. ही हसली. हसू उजवीकडे गेलं, डावीकडे अडलं, आणि तिचा हात सवयीनं रुमालाकडे गेला. रुमाल माझ्या बाजूला होता. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातलं पाणी मी पुसलं. मला रडू आलं, हेही लिहून ठेवतो.

१७ मार्च

आम्ही घरी येऊन सहा दिवस झाले. भुवई: चार. गाल: तीन. हसणे: तीन. हे आकडे आता मी स्वतः बघून लिहितो, दार उघडं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या कोपऱ्यात थोडं कायम राहील असं दिसतं. ही म्हणाली, "राहू दे." पण घरी आल्यावर ती आरशासमोर उभी होती, तेही मी पाहिलं.

माझं कानाचं यंत्र तीन आठवड्यांनी येईल. मालकीणबाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ओठ बसवण्याचं काम माझ्याकडे राहील, शेवटची तपासणी मिशी करील, पडदा बंद ठेवून. सहीसुद्धा त्याचीच. वाईट वाटलं, पण निर्णय बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असतो तर हाच घेतला असता.

हिचं बोलणं कळायला अजून मेहनत पडते. सत्तावीस वर्षं दोन्ही ओठांची सवय, आता सगळं उजव्या बाजूला बघावं लागतं. प आणि म हुकतात. मी "कळलं नाही" म्हणतो आणि ती परत सांगते. काल एकच वाक्य पाच वेळा सांगावं लागलं. पाचव्या वेळी ती चिडली, आणि चिडलेली मला पहिल्या फटक्यात कळली.

उद्या ती शाळेत जाणार आहे. रुमाल नेणार नाही म्हणते. मुलांना काय सांगायचं, कोण आधी विचारील, कोण हसेल, हे सगळं तिला मला सांगायचं आहे. आत्ता ती येऊन समोरच्या खुर्चीत बसली आहे आणि तिनं बोलायला सुरुवातही केली आहे. वहीत बघत राहिलो तर मला काही कळणार नाही. म्हणून लिहिणं थांबवतो.